आमचा सर्व्हर म्हशी धुतोय

काम टाळायला पूर्वी केवढी कारणं जुळवावी लागत! साहेब दौऱ्यावर, शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली भाऊसाहेबांकडे आणि भाऊसाहेब मेहुणीच्या साखरपुड्याला. एवढा पट मांडायचा तर खिडकीमागच्या माणसाच्या अंगी थोडी तरी प्रतिभा लागायची. आता दोन शब्दांत भागतं. सर्व्हर डाऊन.

अशाच एका खिडकीपुढे मी एका दाखल्यासाठी उभा होतो. कुठली खिडकी ते सांगत नाही. तुम्ही तुमच्या गावची घ्या, चालेल.

"सर्व्हर डाऊन आहे."

"कधी सुरू होईल?"

"आपल्या हातात नाही. वरून आहे."

"वर म्हणजे कुठं?"

त्यानं पेन वर केलं. रांगेतल्या सगळ्यांनी वर पाहिलं. वर पंखा होता. एका म्हाताऱ्या बाबांनी तर हातही जोडले. माझ्या मागे उभ्या असलेल्या मावशी मात्र तडकल्या. "कवा बी यावं तर हा सर्व्हर आजारीच. एवढा आजारी पडतो तर दुसरा माणूस का ठेवीत नाहीत?"

मावशींचा हा प्रश्न मी मनात घोळवतच घरी आलो. पुढे दिवाळीला भाचा आमच्या नेवाशाला आला, तेव्हा फराळाच्या ताटावर तो त्याच्यापुढे टाकला. भाचा पुण्यात 'कॉम्प्युटरमध्ये' आहे. यापलीकडे त्याच्या नोकरीचं वर्णन आमच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही, त्याच्या बायकोलाही नाही. चकली अर्धवट तोंडात ठेवून तो म्हणाला, "मामा, मावशी बरोबर बोलल्या. सगळ्या जगाचं दुखणं तेच आहे. एकच माणूस ठेवलाय."

मग त्यानं ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र काढली. त्या रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सगळंच एकदम बंद पडलं होतं. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेनं कंपनीची सगळी केंद्रं एकमेकांपासून तुटली, आणि अर्ध्या जगाला ती कंपनी कुठं आहे हेच सापडेना. मला ती रात्र चांगली आठवते. आमच्या आळीतली माणसं ओट्यावर येऊन एकमेकांना विचारत होती, "तुमचं चालू आहे का?" कित्येक वर्षांत शेजाऱ्यानं आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. पहाटे साडेतीनच्या आसपास सगळं पूर्ववत झालं म्हणून बरं, नाहीतर 'शुभ सकाळ'ची किती फुलं त्या दिवशी देठातच राहिली असती कोण जाणे.

"आणि गंमत ऐका," भाचा म्हणाला. "दुरुस्तीला गेलेल्या त्यांच्याच माणसांना दारं उघडेनात म्हणे, अशा बातम्या होत्या. ओळखपत्रंही त्याच जाळ्यावर!"

इथं मात्र माझी छाती फुगली. शनिशिंगणापूर आमच्याच तालुक्यात. तिथल्या घरांना परंपरेनं दारंच नाहीत. २०११ मध्ये युको बँकेनं तिथं शाखा काढली तीही बिनकुलपाची. फेसबुकनं आपली यंत्रं शिंगणापूरला ठेवली असती तर माणसं थेट आत गेली असती, आणि जाताना तेलही वाहून आली असती.

"मग यावर उपाय?"

"पीअर टू पीअर. मधे सर्व्हरच नाही. ज्यानं पान उघडलं त्याच्याकडे पानाची प्रत राहते, पुढच्याला ती त्याच्याकडून मिळते. ब्राउझर ब्राउझरशी बोलतो. वर कुणी नाही."

"म्हणजे तक्रार कुणाकडे करायची?"

"तक्रारच उरत नाही, मामा."

तक्रार उरत नाही अशी व्यवस्था नगर जिल्ह्यात कशी रुजायची, ही शंका मी मनातच ठेवली.

तोवर भाच्यानं या पंथाची परंपरा सांगायला घेतली होती. १९९९ मध्ये शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजातल्या पोरानं नॅपस्टर काढलं. गाणी लोकांच्या कॉम्प्युटरवर, पण कुणाकडे काय आहे याची यादी मात्र कंपनीच्या सर्व्हरवर. गाण्याच्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि कोर्टाला टाळं ठोकायला ती यादी आयती सापडली. २००० मध्ये इयन क्लार्कचं फ्रीनेट आलं. २००१ मध्ये ब्रॅम कोहेननं बिटटोरंट काढलं, त्यात एकाच फायलीचे तुकडे दहा जणांकडून घ्यायचे आणि घेता घेता आपल्याकडचे दुसऱ्याला द्यायचे. पुढे अख्ख्या वेबसाइटच अशा चालवायची टूम निघाली. २०१५ मध्ये हंगेरीच्या तमाश कोचिशनं झिरोनेट काढलं. मग बीकर आला. त्यात ब्राउझरमध्येच वेबसाइट बनवायची आणि तिथूनच वाटायची. त्याचं काम २०२२ मध्ये थांबलं. ब्रेव्ह ब्राउझरनं २०२१ मध्ये आयपीएफएस नावाच्या जाळ्यातले बिनसर्व्हरचे पत्ते उघडायची सोय दिली आणि २०२४ मध्ये काढून घेतली.

"म्हणजे टोरंट सोडलं तर बाकी बरंचसं बंद पडलं?" मी विचारलं.

"बंद नाही, मामा. मेन्टेन होत नाही."

हे तो इतक्या अभिमानानं सांगत होता, की बंद पडणं ही एखादी पदवी असावी असं वाटायला लागलं.

पण खरं सांगतो, मला मोह पडला. निवृत्त झालेल्या मराठीच्या मास्तराला दोनच रोग होतात, मधुमेह आणि गावाचा इतिहास. मला पहिला आधी झाला. दुसऱ्याचे कागद कपाटात वाढत होते. मोहिनीराजाचं मंदिर, पैस खांब, १९५४ पासून डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी केलेलं उत्खनन आणि त्यात निघालेली अश्मयुगातली हत्यारं, सगळं मी लिहून ठेवलेलं. शिवाय याच तालुक्यातल्या तरवडीचे मुकुंदराव पाटील. १९१० मध्ये त्यांनी सुरू केलेलं 'दीनमित्र' साप्ताहिक तरवडीसारख्या खेड्यातून वर्षानुवर्षं निघत होतं. तेव्हा कुणी त्यांना म्हणालं असेल का, की पुण्या-मुंबईचं यंत्र बंद आहे, आज अंक नाही? मग नेवाशाचा इतिहास परदेशातल्या कुणाच्या यंत्रावर का ठेवायचा? तो नेवाशातच राहील, नेवासकरांच्या यंत्रांवर! हे वाक्य मी उभं राहून म्हटलं. बायकोनं विचारलं, "चहा ठेवू का?"

भाच्यानं त्याचा जुना लॅपटॉप मला दिला, त्यात तो ब्राउझर घातला (नाव लिहीत नाही, बिचारा आधीच मेन्टेन होत नाही), माझी पानं एका फोल्डरात टाकली आणि कळ दाबली. "झालं. तुमची वेबसाइट जगात आली."

"पत्ता काय?"

पत्ता चौसष्ट अक्षरांचा होता.

पहिला वाचक म्हणून मी माझ्या चुलत भावाला, अण्णांना धरलं. अण्णा गावाबाहेर प्रवरेच्या बाजूला वस्तीवर राहतात. ऊस आहे, म्हशी आहेत आणि नातवाला सरकारी योजनेत मिळालेला लॅपटॉप आहे. त्या लॅपटॉपवर तोवर फक्त लग्नाच्या सीड्या पाहिल्या जात. मी फोन लावला.

"अण्णा, पत्ता सांगतो, लिहून घ्या. चौसष्ट अक्षरं आहेत."

"नाव न्हाई का काही? नेवासा डॉट कॉम वगैरे?"

"नाव द्यायला मधे कुणीतरी लागतं, अण्णा. इथं मधे कुणी नाही."

"बरं, सांग."

"सात, एफ, शून्य…"

"शून्य का ओ?"

"ओ नसतोच यात. आकडे, आणि ए ते एफ."

"मंग बाकीच्या अक्षरांनी काय घोडं मारलंय?"

मी पुढे सांगू लागलो. बी म्हटलं की अण्णा डी लिहायचे, डी म्हटलं की ई. मधे एकदा पलीकडून म्हैस ओरडली, तेही त्यांनी ए म्हणून लिहून घेतलं. शेवटी नातवानं फोन हातात घेतला, पत्ता पुरा केला आणि अण्णांनी तो गोठ्याच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत काढून ठेवला. पान उघडलं. अण्णांनी ते वरून खालपर्यंत वाचलं आणि पहिलाच अभिप्राय दिला, "मास्तर, प्रवरेतला रा ऱ्हस्व काढलाय."

खरोखरच छपाईत 'प्रवर' झालं होतं. मी तत्काळ काना दिला. संध्याकाळी अण्णांचा फोन, "तुझं पान अजून चुकीचंच दिसतंय." भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "दिसणारच. पत्ता मजकुरातूनच निघतो, मामा. काना बदलला की पत्ता बदलला. तीच तर खात्री. मधे कुणी एक अक्षर फिरवलं तरी लगेच कळतं. कायमचा पत्ता ठेवायची दुसरी सोय आहे, ती पुढच्या दिवाळीत दाखवतो."

म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत एकेक चूक सुधारायची आणि एकेकदा अण्णांचा गोठा पुसायचा. मी शुद्धलेखन पाहणं सोडून दिलं. छत्तीस वर्षं ज्या माणसानं लाल शाईनं पोरांचे वेलांटी-उकार धरले, त्यानं स्वतःचे मात्र सोडून दिले.

याहून मोठा घोळ पुढे होता. मी माझा लॅपटॉप बंद केला की पान फक्त अण्णांकडे. अण्णांनी त्यांचा बंद केला की पान कुठंच नाही. एकदा नगरचे माझे एक मित्र भेटीला आले. मोठ्या तोऱ्यात त्यांच्या लॅपटॉपवर पत्ता टाकला. गोल फिरत राहिला. माझा लॅपटॉप तेव्हा दुरुस्तीला. मी अण्णांना फोन केला.

"अण्णा, वेबसाइट बघायची आहे. जरा लॅपटॉप लावता का?"

"आत्ता? म्हशी धुतोय."

"पाहुणे आलेत हो."

"किती म्हशी राहिल्यात सांगू का? दोन राहिल्यात. त्यांना चहा पाज तवर."

मित्रानं विचारलं, "काय झालं?" काय सांगणार? आमचा सर्व्हर म्हशी धुतोय असं सांगितलं. त्यांनी अत्यंत सहानुभूतीनं मान हलवली. त्यांना वाटलं, बहुधा ही एखादी तांत्रिक संज्ञा असावी.

अण्णांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यांची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असली की ते उसाला पाणी द्यायला जाणार, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, आणि बिबट्याला आपण आल्याचं कळावं म्हणून मोबाइलवर मोठ्यानं भारूड. अशा माणसाला "लॅपटॉप चालू ठेवा, एखादा वाचक येईल," असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेव्हा मी पीअर वाढवायचे ठरवले. समोरच्या काकू झाल्या. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला, तो झाला. भाचा होताच. गल्लीतले कीर्तनकार बुवा "ज्ञानेश्वरीचं काही असेल तर येतो" म्हणाले. मग आमच्या ओट्यावर बैठक बसली आणि त्या बैठकीत मला या तंत्रज्ञानाचा खरा स्वभाव कळला. ही सामाईक विहीर आहे. सामाईक विहिरीत पाणी सगळ्यांचं असतं, फक्त मोटर चालू करायला जायचं असतं ते दुसऱ्यानं. मोटरचा फुटबॉल (म्हणजे फूट व्हॉल्व्ह) चोकअप झाला की तो थोरल्याच्या पाळीत झालेला असतो, आणि बिल आलं की धाकटा नेमका पंढरपूरला असतो. आमच्याकडेही तेच. पाळ्या ठरल्या. सकाळ माझी, दुपार काकूंची, संध्याकाळ अण्णांची, रात्र एडिसनची, कारण आपली रात्र तो तिकडचा दिवस. कागदावर असं काही झकास दिसत होतं की आम्ही त्यावर सह्या केल्या.

दुपारच्या पाळीत काकू झोपायच्या. लॅपटॉपही झोपायचा. "झाकण लावलं की तो बंद पडतो, काकू." "मग उघडं ठेवून त्यात धूळ जाऊ देऊ?" एडिसनचा मुलगा नियमित होता, पण तिकडे घड्याळं तासभर मागे-पुढे करतात, तेव्हा आमच्या पाळ्यांत तासाचं खिंडार पडलं, आणि नेमक्या त्याच तासात कुणाला तरी नेवाशाचा इतिहास हवा होता असं प्रत्येकजण शपथेवर सांगू लागला. खरं म्हणजे कुणालाच नको होता. पण बंद असलेली वस्तू सगळ्यांना हवी असते.

अण्णांचा तर थेट आरोप आला. "माझा दीड जीबी रोजचा. सकाळी बघावं तर संपलेला. कोण पितंय?"

"अण्णा, ज्यानं पान उघडलं त्याला ते तुमच्याकडून गेलं. आपण घेतलं तसं द्यायचंही असतं."

"पण मी घेतलं एकदा. देऊ किती येळा?"

हा प्रश्न बिटटोरंटवाल्यांनाही पडला होता. नुसतं घेऊन पळणाऱ्यांना तिकडे जळू म्हणतात, आणि जो देत नाही त्याला इतरांनीही कमी द्यावं अशी युक्ती कोहेननं त्यात घालून ठेवली आहे. मी ही युक्ती बैठकीत सांगितली. सगळ्यांनी एकमेकांकडे संशयानं पाहिलं. त्यानंतर कुणी कुणाला साखर उसनी देईना.

माझ्या पाळीत माझा लॅपटॉप स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण प्लग तिथंच. भाच्यानं त्यावर चिठ्ठी लावली होती: 'हा सर्व्हर आहे. बंद करू नये.'

"सर्व्हर नसतो म्हणाला होतास ना?"

"नसतो म्हणजे, आता प्रत्येकजणच सर्व्हर आहे, मामा."

त्यानं मग मला एक कथा सांगितली. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-लींनी १९९० मध्ये वेब सुरू केलं ते एका काळ्या नेक्स्ट कॉम्प्युटरवर. त्यावर लाल शाईत असाच मजकूर होता, हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. म्हणजे एके काळी अख्खं वेब एका चिठ्ठीच्या जोरावर चालत होतं. ती कथा मी मोठ्या भक्तिभावानं बायकोला सांगितली. तिनं शांतपणे ऐकली आणि मिक्सर लावण्यासाठी प्लग काढला. "सर्नमध्ये चटणी वाटत नसतील," ती म्हणाली.

एक कोडं तर मला आजही नीट उलगडलेलं नाही. काकू समोर राहतात. त्यांच्या खिडकीतून माझा लॅपटॉप दिसतो. पण माझं पान त्यांच्याकडे थेट जाईना. भाच्यानं तपासून सांगितलं की आम्ही दोघंही मोबाइलच्या नेटवर आहोत, कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देते, त्यामुळे बाहेरून कुणाला आमच्या दारापर्यंत येता येत नाही. मग दोघांची गाठ घालायला मधे तिसरं यंत्र लागतं. ते कुठंतरी परदेशात होतं.

"मधलं यंत्र म्हणजे काय रे?"

"रिले."

"म्हणजे सर्व्हर?"

"तसंच काहीसं."

"आणि नवा पीअर आला, तर इतर पीअर कुठं आहेत हे त्याला कोण सांगतं?"

"त्यासाठी सुरुवातीला काही ठरलेले पत्ते असतात…"

"म्हणजे सर्व्हर?"

भाचा म्हणाला, मामी, लाडू छान झालेत.

या सगळ्यात बुवाच तेवढे निर्धास्त होते. त्यांचा लॅपटॉप नव्हताच, ते फक्त बैठकीला यायचे. एकदा ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही हे नवीन म्हणून काय घेऊन बसलात? नेवाशात हे शके बाराशे बारालाच झालंय." शके १२१२ म्हणजे १२९०. इथंच, त्या पैस खांबाला टेकून ज्ञानदेवांनी नऊ हजारांवर ओव्या सांगितल्या आणि सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतल्या. बाबांचा देहान्त झाला होता आणि ज्ञानदेवांनी त्यांना उठवलं, अशी कथा आहे. इथं भाचा "रीस्टार्ट" असं पुटपुटला. बुवांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचा अर्धा तास तो डाऊन होता.

"खांब आहे," बुवा पुढे म्हणाले. "पण बाबांच्या हातची पोथी आज कुणी पाहिलीय? नाही. तरी ज्ञानेश्वरी गेली का? ज्यानं वाचली त्यानं उतरून घेतली, त्याच्याकडून पुढच्यानं. गावोगाव. कुणी झोपला, कुणी मेला, पोथी चालूच."

"पण उतरवताना चुका होणारच की," मी माझी शुद्धलेखनाची जखम उघडी केली.

"झाल्याच. म्हणून तर नाथ महाराज बसले." तीनशे वर्षांत पाठ इतके वेगळाले झाले होते की पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, प्रती ताडून एक शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि शेवटी ताकीद दिली, की यात कुणी आपली ओवी घुसडली तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी होईल. एवढं करूनही पुढे राजवाड्यांनी १९०९ मध्ये नाथांच्याही आधीची म्हणून एक प्रत छापली, आणि विद्वानांचं जुंपलं ते जुंपलंच.

मला बुवांचं पटलं. फक्त एकच अडचण होती. ज्ञानेश्वरी लोकांना हवी होती. माझा 'नेवासा: एक दृष्टिक्षेप' हवा आहे, असं अजून कुणी स्वतःहून म्हटलेलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच ब्राउझरच्या कोपऱ्यातला पीअरचा आकडा वाढला. आम्ही सगळे मोजून झालो तरी एक जास्त! कुणीतरी अनोळखी माणूस माझी पानं ठेवून बसला होता, तेही रात्रंदिवस, एकही पाळी न चुकवता. मला गहिवरून आलं. अण्णांना मात्र वास आला.

"कोण हाय त्यो? आपल्या पंगतीत बसलाय आन् आपल्याला ठावं न्हाई?"

नेवाशाच्या माणसाला हा संशय यायचाच. समुद्रमंथनातलं अमृत मोहिनीनं वाटलं ते इथंच, अशी आमच्याकडची कथा. आजही गावात मोहिनीराजाचं मंदिर उभं आहे. वाटप एका हाती, पंगत सरळ, तरीही राहू देवांच्या ओळीत बसला आणि घोट घेऊन मोकळा झाला. त्याचं शिर पडलं ती राहुरी, असं इकडे सांगतात. "त्याला पकडलं कुणी? मोहिनीनं नाही," भाचा हुरळून म्हणाला. "शेजारी बसलेल्या सूर्य-चंद्रानं! पीअर व्हेरिफिकेशन!" बुवा उठून गेले.

अनोळखी पाहुणा कोण हे कळलं ते मला आलेल्या फोनवरून. पलीकडे कुणी लातूरकडचे गृहस्थ होते.

"नमस्कार. मुलाचे मामा ना आपण?"

"कुठल्या मुलाचे?"

"बायोडाटा पाहिला. उंची पाच फूट दहा, निर्व्यसनी, शाकाहारी, मामाचं कूळ नेवासा. संपर्काला आपलाच नंबर दिलाय. पत्रिका पाठवू का?"

दिवाळीत माझी पानं ज्या फोल्डरात टाकली, त्यात भाच्याचं जुनं सामान होतं. लग्नाआधीचं. तेही माझ्या इतिहासाबरोबर जगात गेलं होतं. पीअर वाढले होते ते सांकलियांच्या दगडी हत्यारांसाठी नव्हे. कुठल्याशा वधूपित्यांच्या मंडळात तो चौसष्ट अक्षरी पत्ता हातोहात फिरत होता, आणि त्यांच्यातलं कुणीही आपला कॉम्प्युटर बंद करत नव्हतं.

भाच्याला फोन केला. "काढून टाक बाबा तो."

"निघत नाही, मामा. माझ्याकडचा काढला, तरी ज्यांच्याकडे प्रत आहे त्यांच्याकडे तो राहणार. हीच तर त्याची…" इथं तो अडखळला, कारण मागून बायकोचा आवाज आला. तिनं फोन स्पीकरवर घेतला.

"मामा, त्यात पगार किती लिहिलाय?"

मी वाचून दाखवला. क्षणभर शांतता.

"आणि आवडीनिवडी?"

"ट्रेकिंग, वाचन आणि घरकामात मदत."

"हे नंतर कुणी बदललेलं नसेल कशावरून?" तिनं नवऱ्याला विचारलं.

भाच्यातला इंजिनिअर नवऱ्याच्या आधी बोलून गेला. "छे, अशक्य! एक अक्षर जरी फिरवलं तरी पत्ता बदलतो. जसं लिहिलं तसंच आहे, याची गणिती खात्री असते."

"असं? मग मामा, मला तो पत्ता पाठवा."

तिनं त्याच रात्री घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बायोडाट्याची प्रत उतरवून घेतली. तो कॉम्प्युटर आता चोवीस तास चालू असतो. त्याला इन्व्हर्टर लावलाय, आणि त्यावर चिठ्ठी आहे ती तिच्या हस्ताक्षरात. भाचा भांडी घासतो म्हणे. अण्णांनी मला परवा विचारलं, "मास्तर, तुझा इतिहास त्या पोरीच्या मशीनवर ठेवता येईल का? ती बंद करत न्हाई असं ऐकलंय." विचारलं तिला. ती म्हणाली, जागा नाही.